वास्तू तथास्तु म्हणते, म्हणजे नेमकं काय होतं?

घरात कुणी वैतागून म्हणालं, "आता माझं काही खरं नाही," की आजी लगेच दटावते, "असं बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते." वास्तू ऐकते की नाही हे बाजूला ठेवू. बोलणारा मात्र स्वतःचं बोलणं ऐकत असतो, आणि खरा घोळ तिथे होतो.

बारावीचा एखादा मुलगा गणिताचा पेपर हातात आल्याआल्या मनात म्हणतो, "माले काही येत नही." तिसरं गणित जरा वेगळं दिसलं की तो दोन मिनिटांत सोडून देतो, कारण येत नाही हे आधीच ठरलेलं आहे. पेपर बिघडतो. मग मन म्हणतं, "बघ, म्हटलं होतं ना!" इथे तथास्तु त्याच्याच हाताने म्हटलं. वाक्याने गणित अवघड केलं नाही, गणितावर घालवायचा वेळ मात्र कमी केला. मनाशी बोलण्याची ताकद म्हणतात ती एवढीच, आणि ती थोडी नाही. ‘मनात आणलं की घडतं’ असला कुठलाही चमत्कार त्यात नाही.

हे बोलणं येतं कुठून

तीन-चार वर्षांचं पोर मातीचा बैल करताना मोठ्याने बडबडतं: "आता शिंग लावू... पडलं... परत लावू." रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडलं की ही बडबड वाया जात नाही. मूल आधी मोठ्यांकडून ऐकतं, मग तेच स्वतःला मोठ्याने सांगतं आणि शाळेत जाण्याच्या वयात ते बोलणं हळूहळू आत जातं. शब्द आत जातात, बंद होत नाहीत. म्हणून मोठेपणी स्वतःला रागावताना आपला आवाज कधी वडिलांसारखा, तर कधी पाचवीच्या गुरुजींसारखा येतो.

आतल्या बोलण्यात तक्रारीचा सूर मोठा का असतो, याचं कारणही साधं आहे. कपाशीच्या सरीत पडलेली दोरी साप समजून कुणी उडी मारली तर फार तर लोक हसतील. साप दोरी समजला तर माणूस जाईल. त्यामुळे मेंदू धोक्याच्या बाजूला झुकलेला असतो. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली या विषयावरचं बरंच संशोधन एकत्र वाचून दाखवलं की वाईट अनुभव, वाईट शब्द, वाईट बातमी चांगल्यापेक्षा जास्त खोल रुतते. दिवसभरात दहा जणांनी ‘छान’ म्हटलं आणि एकाने नाक मुरडलं, तर रात्री अंथरुणावर ते नाकच आठवतं. हा मनाचा आजार नव्हे, जुनी सवय आहे. मात्र ती सवय आपण होऊन थांबत नाही.

१९६० च्या दशकात अमेरिकेत ॲरन बेक हे मनोविकारतज्ज्ञ नैराश्याच्या रुग्णांना तपासत होते. रुग्णाच्या मनात काही वाक्यं आपोआप, क्षणार्धात येऊन जातात आणि तो ती तपासून न पाहता खरी मानतो, हे त्यांच्या लक्षात आलं. आज जगभर वापरली जाणारी विचार-वर्तन उपचारपद्धती याच निरीक्षणावर उभी राहिली. वाक्य पकडायचं, तपासायचं आणि दुरुस्त करायचं, हे घरी करण्याजोगं कामही तिथूनच आलं आहे.

आरशासमोरची घोषणा का फसते

सकाळी उठून आरशासमोर दहा वेळा "मी यशस्वी आहे, मी सर्वोत्तम आहे" म्हणा, असा सल्ला मोबाईलवर रोज येतो. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच बरं आहे त्यांना याने थोडं बरं वाटतं. गरज ज्यांना आहे त्यांना मात्र ते उलटतं. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठात जोआन वुड यांनी २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना काही मिनिटं लिहायला बसवलं आणि घंटा वाजली की ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य मनात म्हणायला सांगितलं. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता, त्यांना हे वाक्य म्हटल्यावर न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं.

मन हे तालुक्याच्या कोर्टातल्या मुरलेल्या वकिलासारखं असतं. समोरून फार मोठा दावा आला की ते लगेच जुनी कागदपत्रं काढतं. "मी सर्वोत्तम आहे" म्हटलं की दहावीचा निकाल, मोडलेली सोयरीक, बुडालेली उधारी, सगळं टेबलावर येतं. वाक्य जितकं खोटं, तितका पुराव्याचा गठ्ठा मोठा.

दुसरी अडचण स्वप्नरंजनाची. गॅब्रिएल ओटिंगेन यांनी जर्मनीत नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचा दोन वर्षं माग काढला. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नोकरी मिळाल्याची गोड चित्रं जे जास्त रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना बोलावणी कमी आली आणि पगारही कमी मिळाला. ज्यांना नोकरी मिळेल असं अनुभवावरून वाटत होतं, त्यांचं मात्र बरं झालं. चित्र रंगवण्यातच काम झाल्याचं समाधान मिळालं की पाय उचलत नाही. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांमध्ये भिंतीवर ‘भावी तहसीलदार’ लिहून बसणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावं. पाटीत काही वाईट नाही, पण तिच्या शेजारी आज किती पानं झाली ते लिहिलेलं असावं.

वाक्य दुरुस्त कसं करायचं

मे महिना. रावेर-यावलकडे कापणीला आलेल्या केळीच्या बागेत संध्याकाळी वादळ शिरतं आणि अर्ध्या तासात घडांसकट झाडं आडवी होतात. बांधावर उभ्या शेतकऱ्याच्या मनात पहिलं वाक्य येतं: "सगळंच संपलं. आपल्याच नशिबी नेहमी हे." या वेळी त्याला कुणी "सकारात्मक राहा, भाऊ" म्हणालं तर तो चिडेल, आणि त्याचं चिडणं योग्य आहे.

वाक्य दुरुस्त करायचं ते त्या क्षणी नाही. डोकं तापलेलं असताना लिहायला बसू नये. पाणी प्यावं, हातपाय धुवावेत, तास-दोन तास जाऊ द्यावेत. मग साध्या शंभर पानी वहीत पानाला मधोमध रेघ मारून डावीकडे ते वाक्य जसंच्या तसं लिहावं. सभ्य करून लिहू नये, शिवी आली असेल तर शिवीसकट लिहावं. आणि ज्या बोलीत मन रागावतं त्याच बोलीत लिहावं. घरी अहिराणी किंवा लेवा बोली असेल तर वहीत पुस्तकी मराठी आणायचं कारण नाही. पुस्तकी केलं की वाक्याचा डंख जातो आणि आपण कुणा दुसऱ्याचं दुखणं तपासू लागतो.

आता त्या वाक्यातला ‘च’ शोधायचा. मराठीने ही फार मोठी सोय करून ठेवली आहे: अतिशयोक्ती बहुतेक वेळा एका अक्षरात बसलेली सापडते. सगळंच, कधीच, काहीच, माझ्याच, कुणीच. सोबतीला ‘नेहमी’ आणि ‘प्रत्येक वेळी’ असतात. या शब्दांभोवती गोल करावा आणि त्यांच्या जागी आकडा घालता येतो का ते पाहावं. ‘सगळंच’ म्हणजे किती? समजा बागेत ३००० झाडं होती आणि मोजल्यावर ११०० पडलेली निघाली. ‘नेहमी’ म्हणजे गेल्या दहा वर्षांत किती वेळा? दोनदा. मग उजव्या बाजूला नवं वाक्य येतं: "११०० झाडं पडली, १९०० उभी आहेत. नुकसान मोठं आहे. आज अंधार पडायच्या आत फोटो काढायचे, उद्या सकाळी तलाठ्यांना पंचनाम्यासाठी फोन करायचा आणि विमा कंपनीला मुदतीत कळवायचं."

या वाक्यात गोड काहीही नाही. नुकसान ‘मोठं’ आहे असं त्यातच म्हटलं आहे. पण पहिलं वाक्य वाचून माणूस बाजेवर पडतो, दुसरं वाचून चप्पल घालतो. वाक्य चांगलं जमलं की नाही हे याच कसोटीवर पाहावं: ते वाचल्यावर पुढच्या चोवीस तासांत करायचं एक तरी काम दिसतं का? दिसत नसेल तर वाक्य पुन्हा लिहावं. एका बैठकीत एकच वाक्य घ्यावं, दहा-बारा मिनिटं पुरतात. पाच वाक्यं एकदम काढून बसलं की वहीचा रडगाण्याचा ढीग होतो.

काही छोट्या युक्त्या आहेत, प्रसंग पाहून वापरायच्या.

पहिली, स्वतःला नावाने हाक मारणं. मिशिगन विद्यापीठातले इथन क्रॉस यांनी २०१४ साली दाखवलं की भाषणासारख्या ताणाच्या कामाआधी ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव किंवा ‘तू’ वापरून मनाशी बोलणाऱ्यांना त्रास कमी झाला आणि त्यांचं भाषणही पाहणाऱ्यांना जास्त चांगलं वाटलं. मित्राची सोयरीक मोडली तर आपण त्याला "तू नालायकच आहेस" म्हणत नाही. नावाने बोलल्यावर आपणही स्वतःला तेवढ्याच अंतरावरून पाहतो. त्या बारावीच्या मुलाने पेपरात "आते एक एक गणित ले, भाऊ" एवढं म्हटलं तरी काम होतं.

दुसरी धडधडीसाठी. मुलाखतीच्या दाराबाहेर छाती उडत असताना "मी शांत आहे" म्हणणं हे उघड खोटं आहे, शरीर ते मानत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत गाणं, भाषण आणि गणित या तिन्ही कामांआधी ‘मला उत्साह वाटतोय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधड भीतीतही होते आणि उत्साहातही. तिला थांबवण्यापेक्षा तिचं नाव बदलणं सोपं आहे. आपल्याकडे "अंगात जोर आलाय" म्हणतात, तेच म्हणावं.

तिसरी हाताच्या कामासाठी. खेळाडूंच्या स्वसंवादावरच्या ३२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. नाजूक, नेमकेपणाच्या कामात ‘मी करू शकतो’ यापेक्षा कृतीची सूचना जास्त उपयोगी पडते, असं त्यात दिसलं. ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेणाऱ्या नवशिक्याला "जमेल तुला" म्हणून काही मिळत नाही. "ट्रॉली डावीकडे न्यायची, स्टिअरिंग आधी उजवीकडे, क्लच हळू" हे मनात म्हणत गेलं तर ट्रॉली वळते. इथे ‘नको’वाली वाक्यंही टाळावीत. "बांधाला ठोकू नको" म्हटलं की डोळे नेमके बांधावरच जातात.

जाण: खांदेमळणीसारखी

श्रावणातल्या अमावस्येला पोळा, आणि आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. बैलाचे खांदे कोमट पाण्याने शेकायचे, लोणी-हळद चोळायची आणि सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." आभार कशाचे? बैलाचे सगळे मिळून नव्हेत. जू जिथे घासतं, कातडं जिथे निबर होतं, त्या खांद्याचे. कृतज्ञतेवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे संशोधन झालं त्याचं मर्म या रिवाजात दिसतं: आभार नेमक्या जागेचे मानले तर ते पोचतात.

"माझं कुटुंब, माझं आरोग्य, देवाची कृपा" असं रोज लिहिणाऱ्याची वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. ‘कुटुंब’ हा शब्द बरोबर आहे, पण त्यात आजचा दिवस कुठेच नाही. त्याऐवजी असं लिहावं: "दुपारी दोनला पंप बंद पडला तेव्हा शेजारच्या नानांनी न विचारता स्वतःची पाइपलाइन जोडून दिली. त्यामुळे रोपांचं पाणी चुकलं नाही." यात माणूस आहे, वेळ आहे, केलेली गोष्ट आहे आणि तिने काय वाचलं तेही आहे. चार गोष्टी असल्या की नोंद पुरी.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला स्वतःचं आयुष्य एकूण जास्त बरं वाटू लागलं. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दुसरी रीत तपासली: आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीपुढे ‘ही का घडली?’ याचं उत्तर. त्याचा परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसत होता, विशेषतः ज्यांनी आपणहून सवय चालू ठेवली त्यांच्यात. ‘का घडली’ हा भाग लोक गाळतात, आणि नेमकी तिथेच मेहनत आहे. "भाकरी चांगली झाली" यात काही नाही. "कळण्याची भाकरी मऊ झाली, कारण आईने या वेळी दळण स्वतः उभं राहून आणलं" इथे मन थोडं थांबतं.

रोज लिहावं की आठवड्याने? सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजची गोष्ट मनाच्या अंगवळणी पडते, मग ती दिसेनाशी होते. आमचं मत असं: पहिला आठवडा रोज रात्री तीन ओळी लिहा, म्हणजे नजर तयार होईल, पुढे आठवड्यातून एक-दोन दिवस पुरे. मधल्या दिवसांत लिहायचं नाही, फक्त पाहायचं. वहीत तीच ती वाक्यं येऊ लागली तर औषध अंगवळणी पडलं असं समजावं आणि रीत बदलावी.

बदलायची एक रीत वजाबाकीची आहे. २००८ साली मिंक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी लोकांना आयुष्यातली एखादी चांगली गोष्ट घडलीच नसती तर काय, हे लिहायला सांगितलं. ती कशी घडली हे लिहिणाऱ्यांपेक्षा या लोकांना जास्त बरं वाटलं. गिरणा धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलंच नसतं तर? ती नोकरीची जाहिरात ज्या मित्राने दाखवली, तो त्या दिवशी भेटलाच नसता तर? पाच मिनिटं खरोखर विचार करा आणि मग आजच्या घराकडे पाहा.

दुसरी रीत म्हणजे वही सोडून माणसाला सांगणं. आपल्याकडे घरच्यांना ‘धन्यवाद’ म्हणायची पद्धत नाही. म्हटलं तर "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारतात. म्हणून तो शब्द वगळून गोष्ट सांगावी. जुन्या शिक्षकांना फोन करून, "सर, नववीत तुम्ही सुट्टीत बसवून अपूर्णांक शिकवले होते. आज दुकानाचा हिशेब मी एकटा करतो." एवढंच. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं आपल्याला वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८ च्या अभ्यासात आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांनी हे अवघडलेपण होतं त्यापेक्षा जास्त धरलं होतं आणि पत्र मिळणाऱ्याचा आनंद कमी.

आता जाण ठेवणं कुठे बिघडतं तेही पाहू. "त्याच्यापेक्षा आपलं बरं" ही जाण नव्हे, तुलना आहे. तो उद्या पुढे गेला की ती उलटते. उपकाराचं ओझं वेगळं, जाण वेगळी: कुणाचं नाव लिहिताना छातीवर दडपण येत असेल, तर ते नाव वहीत नको. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्याचं तोंड बंद करायला कृतज्ञतेचा वापर. सुनेने कामाच्या वाटणीबद्दल बोलायला सुरुवात केली की "एवढं सगळं मिळालंय, समाधान मान" असं सांगणं, किंवा खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन माल घेतो तेव्हा, वजनात काटा मारला जात असताना "भाव तरी मिळाला" म्हणून गप्प बसणं. वही तक्रारीच्या अर्जाची जागा घेत नाही. सकाळी आभार लिहावेत आणि दुपारी काट्याची तक्रारही करावी, दोन्ही एकाच माणसाला शोभतं.

जाण लिहिण्याच्या या सवयीचा परिणाम फार मोठा नसतो, हेही सांगायला हवं. २०२० साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा कृतज्ञतेच्या सरावाने नैराश्य आणि चिंता यांच्या लक्षणांत होणारी घट लहान निघाली. त्यामुळे दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा माणसाला घरच्यांनी "चांगला विचार कर" एवढंच सांगत राहू नये. ताप आलेल्याला "थंड हो" म्हटल्यासारखं आहे ते.

सवय लागायला २१ दिवस लागतात हे कुठूनतरी पसरलेलं गणित आहे. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली छापलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस आले, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा कापूस वेचणीच्या घाईत किंवा लग्नसराईत दोन दिवस वही राहिली तर पहिल्यापासून मोजणी सुरू करू नका, तिसऱ्या दिवशी पुढचं पान घ्या. वेळ ‘रात्री कधीतरी’ अशी ठेवू नये. "जेवणाची ताटं उचलली की वही" असं एखाद्या रोजच्या कामाला तिला बांधावं. वही कपाटात नको, जिथे बसून मोबाईल पाहता तिथेच हवी. आणि किराणा दुकानात असतं तसं पेन सुतळीने वहीला बांधून ठेवा. पेन शोधायला उठलेला माणूस वाटेत टीव्हीसमोर बसतो.